मेंढ्याच्या रक्तातली जुळी

दख्खनी मेंढी एका वेताला बहुधा एकच कोकरू देते. फलटण-लोणंद भागातल्या मेंढपाळाचा संसार त्या कोकरावरच चालतो, कारण लोकरीला मोल उरलेलं नाही आणि दूध बेताचंच. म्हणून फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं, म्हणजे ‘नारी’नं, जुळी देणारी मेंढी शोधली आणि ती सापडली सुंदरबनात.

तिथली गरोल मेंढी जेमतेम १०-१५ किलोंची, पण दोन-तीन कोकरं सहज देणारी. बनबिहारी निंबकरांनी १९९०च्या दशकात ती फलटणला आणली. अठराव्या शतकाच्या शेवटी कलकत्त्याहून अशाच मेंढ्या ऑस्ट्रेलियात गेल्या होत्या. तिथल्या बुरूला मेरिनोचं जुळेपण त्यांच्याकडूनच आलं असावं, असा अंदाज होता. दोघींत ‘फेकबी’ हे एकच जनुक निघालं आणि अंदाजाला बळ मिळालं.

गरोलची अंगलट नको होती, तिचं फक्त हे जनुक हवं होतं. संकराची पिल्लं पुन्हा दख्खनीशी लावायची, त्यांची पुन्हा दख्खनीशी. दर पिढीला गरोलचा वाटा निम्मा होतो. पण त्याबरोबर जनुकही निसटू शकतं. आणि खरी गोची मेंढ्याची. तो कधी विणार नाही, मग जुळ्यांचा गुण त्याच्यात आहे की नाही हे कळायचं कसं? त्याच्या लेकी मोठ्या होऊन व्यायची वाट पाहायची, तर तीनेक वर्षं जातात, आणि एवढं करूनही उत्तर पक्कं मिळत नाही.

२००१ साली या जनुकातला नेमका बदल हाती लागला: डीएनएतलं एकच अक्षर बदललेलं. त्यानंतर रक्ताच्या नमुन्यावरून लहानग्या कोकराचीही चाचणी करता येऊ लागली. चंदा निंबकर यांच्या पुढाकारानं चाललेल्या या कामात पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि ऑस्ट्रेलियातले शास्त्रज्ञही होते. त्यातून ‘नारी सुवर्णा’ उभी राहिली.

मला यातला सर्वांत शहाणपणाचा भाग वाटतो तो थांबण्याचा. जनुकाच्या दोन प्रती असलेल्या मेंढीला तिळी होण्याचा संभव वाढतो; हलकी, अशक्त कोकरं आईच्या दुधावर तगत नाहीत. फिरत्या खांडात तर नाहीच नाही. एक प्रत असली की पुरे: दर १०० वेतांमागे ढोबळमानानं ४०-५० कोकरं जादा मिळतात. म्हणून दोन प्रतींचा मेंढा मेंढपाळाच्या साध्या दख्खनी मेंढ्यांत सोडतात. त्याच्या प्रत्येक लेकीला एक प्रत मिळतेच, मग तिची चाचणी करण्याचीही गरज नाही.

चाचणीची धाव मात्र इथवरच. वजन आणि दूध एका जनुकाच्या हातात नसतं. त्यासाठी कानातल्या बिल्ल्याचा नंबर, जन्माची तारीख आणि वजनकाटा यांची वही चालूच ठेवावी लागते. आणि जुळ्यांची आई गाभण असतानाच तिला जादा खुराक घालावा लागतो, चाऱ्याची टंचाई असली तरी.