होम्सचे नादी वाचक आणि आपण

एखादा लेखक लोकांना आवडतो, म्हणजे नेमके काय होते? त्याची पुस्तके खपतात, वाचनालयात त्यांची पाने सुटी होतात, हे खरेच. पण आवडीची खरी खूण निराळी आहे. पुस्तक मिटल्यावरही वाचक त्यातील माणसांविषयी, ती आपल्याच आळीत राहत असल्याप्रमाणे बोलू लागतात. चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांच्याविषयी आपण असेच बोलतो. ती माणसे कागदावरची आहेत हे आपल्याला ठाऊक असते. तरी बोलताना आपण ते सोयीने विसरतो.

इंग्रजी कादंबरीकारांच्या बाबतीत महाराष्ट्राला हा नाद जुनाच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजी शिकलेले आपले तरुण रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांवर तुटून पडत. इंग्लंडातील प्रतिष्ठित टीकाकार ज्याला नाक मुरडीत, तो हा लेखक हिंदुस्थानातील वाचनालयांत मात्र हातोहात फिरत होता. हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ १८८५ साली येऊ लागली, ती रेनॉल्ड्सचाच आधार घेऊन. पुढे त्याच हरिभाऊंनी ‘पण लक्षांत कोण घेतो?’ लिहिली. लेखकाचा नाद लागणे हे नेहमीच वाया जाणे नसते, याला घरचा पुरावा हवा असेल तर तो हा.

आज विचार करावयाचा आहे तो याहून प्रसिद्ध अशा एका नादाचा. सर आर्थर कॉनन डॉईल (१८५९–१९३०) यांनी शेरलॉक होम्स हा गुप्तहेर निर्माण केला. त्याच्यावर चार कादंबऱ्या आणि छप्पन्न कथा, मिळून साठ लेखन झाले. मराठीत भालबा केळकरांनी या कथा आणल्या, त्यामुळे इंग्रजी न जाणणाऱ्या वाचकांनाही बेकर स्ट्रीटवरचे ते घर परके राहिले नाही. डॉईल यांना स्वतःला या नायकाचा कंटाळा आला होता. १८९३ साली त्यांनी त्याला धबधब्यात लोटून दिले. पण वाचक ऐकेनात, आणि १९०३ साली त्याला जिवंत करून परत आणावे लागले.

या वाचकांच्या गप्पांना शास्त्राचे रूप दिले ते रोनाल्ड नॉक्स या ऑक्सफर्डच्या तरुण विद्वानाने. १९११ साली त्याने होम्सकथांवर एक निबंध वाचला. बायबलातील निरनिराळ्या ग्रंथांचे कालक्रम, विसंगती आणि कर्तृत्व यांची पंडित लोक ज्या गंभीर पद्धतीने छाननी करीत, तीच पद्धत त्याने या करमणुकीच्या कथांना लावली. हेतू थट्टेचा होता. पण वाचकांना खेळ सापडला. १९३४ साली न्यूयॉर्कमध्ये ख्रिस्तोफर मॉर्ले याने होम्सभक्तांचे मंडळ काढले, त्याच वर्षी लंडनलाही एक निघाले. खेळाचा नियम एकच. होम्स आणि वॉटसन खरोखर होऊन गेले असे धरायचे, कथा वॉटसनने लिहिल्या असे मानायचे, आणि मग कथेत जे चुकले असेल त्याची उपपत्ती कथेतूनच लावायची. ‘लेखक विसरला’ असे म्हणणारा बाद! हा खेळ लॉर्ड्सवरच्या क्रिकेट सामन्याच्या गांभीर्यानेच खेळला पाहिजे, असा डोरोथी सेयर्स या लेखिकेचा आग्रह होता.

उदाहरणाने हे स्पष्ट होईल. १८८७ सालच्या पहिल्या कादंबरीत वॉटसन सांगतो की, अफगाण युद्धात गोळी खांद्याला लागली. १८९० सालच्या दुसऱ्या कादंबरीत त्याचा पाय दुखतो, तोही गोळीनेच. मग गोळ्या दोन होत्या, की एकच गोळी वाकडी होऊन गेली? यावर लोकांनी लेखच्या लेख लिहिले आहेत. दुसरे उदाहरण नावाचे. वॉटसनचे नाव जॉन एच. वॉटसन, पण एका कथेत त्याची बायको त्याला जेम्स म्हणून हाक मारते. सेयर्सबाईंनी तोड काढली ती अशी: मधले ‘एच’ म्हणजे हेमिश, हेमिश हे जेम्सचेच स्कॉटिश रूप, तेव्हा बायको लाडाने मधल्या नावाचे भाषांतर करीत असली पाहिजे. आपल्याकडील ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांची चर्चा ज्यांनी ऐकली आहे, त्यांना ही बुद्धीची कसरत ओळखीची वाटेल.

आता या खेळात आपण लोणावळेकर कोठे बसतो ते पाहू. वॉटसन हिंदुस्थानात येतो तो मुंबई बंदरात. आपली पलटण खिंडी ओलांडून शत्रूच्या मुलखात गेल्याचे त्याला तेथे कळते, आणि तो तिच्यामागे कंदाहारला जातो. मुंबई आणि खिंड हे दोन शब्द एकत्र आले की आपल्याला बोरघाट आठवणारच. आगगाडी या घाटातून १८६३ सालीच धावू लागली होती. मग वॉटसन खंडाळ्यावरून गेला काय? दुर्दैवाने नाही. १८८० साली मुंबईहून कंदाहारला जाण्याची सरळ वाट म्हणजे आगबोटीने कराची, तेथून सिंधमधून रेल्वेने सिबी, आणि पुढे बोलन खिंड. आगगाडीनेच उत्तरेकडे जायचे म्हटले, तरी ती कल्याणहून इगतपुरीच्या थळघाटाने जाते. दोन्ही हिशेबांनी आपला घाट हुकतो.

पण खंडाळ्याने अगदीच निराश होण्याचे कारण नाही. ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाच्या ‘ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा’ या १८७३ च्या कादंबरीत नायकाची गाडी कल्याणला पोचते, तेव्हा खंडाळा-पुण्याकडे जाणारा फाटा उजव्या हाताला राहतो असा उल्लेख आहे. व्हर्न हिंदुस्थानात कधी आला नव्हता. पण फाटा त्याने बरोबर दाखविला. उल्लेख ओळभराचाच, पण आपला.

खरी गंमत पुढे आहे. इंग्रज वाचकाला जे खटकत नाही, ते आपल्याला पहिल्याच वाचनात खटकते. डॉईल यांच्या दुसऱ्या कादंबरीत आग्र्याच्या किल्ल्यावर दोन शीख पहारेकरी आहेत; त्यांची नावे महंमद सिंग आणि अब्दुल्ला खान! ही नावे शिखांची नव्हेत, हे आपल्याकडील शाळकरी मुलगाही सांगेल. त्याच कादंबरीतला अंदमानी मनुष्य फुंकनळीतून विषारी काटे मारतो. अंदमानच्या आदिवासींचे हत्यार धनुष्यबाण, फुंकनळी नव्हे. १८९२ सालच्या ठिपकेदार पट्ट्याच्या कथेत हिंदुस्थानातून चित्ता आणि बबून जातीचे माकड नेलेले आहे. चित्ता पटतो, तो आपल्याकडे होता, १९५२ साली नामशेष झाल्याचे जाहीर झाले आणि २०२२ साली आफ्रिकेतून आणून मध्य प्रदेशात पुन्हा सोडला गेला. पण बबून हिंदुस्थानात कधीच नव्हता. आणि त्या कथेतला साप तर बशीतले दूध पितो, शिट्टी ऐकून परत फिरतो आणि दोरावरून चढ-उतार करतो. दूध हे सापाचे अन्न नव्हे, हे नागपंचमीला आपल्याला वर्षानुवर्षे सांगावे लागते; साहेबही त्याच समजुतीत होता, हे पाहून जरा बरे वाटते.

येथपर्यंत ही करमणूक झाली. पण याच वाटेने गेले की एक गंभीर गोष्ट लागते. वॉटसनला गोळी लागली ती मैवंदच्या लढाईत. ही लढाई काल्पनिक नव्हे. २७ जुलै १८८० रोजी ती कंदाहारजवळ झाली, आणि तीत इंग्रजांचा दारुण पराभव झाला. सुमारे अडीच हजारांच्या फौजेतील नऊशेंहून अधिक माणसे तेथे पडली. या फौजेत गोऱ्यांचे पायदळ एकाच पलटणीचे, ६६व्या बर्कशायरचे होते. बाकीचे पायदळ मुंबई इलाख्याच्या लष्कराचे, म्हणजे पहिली ग्रेनेडियर्स आणि तिसावी जेकब्ज रायफल्स. ग्रेनेडियर्सची निम्म्याहून अधिक माणसे मारली गेली किंवा जखमी झाली. त्यांच्याबरोबर बॉम्बे सॅपर्सची एक तुकडी होती. सॅपर्सचे ठाणे खडकीला, आपल्याच रेल्वेमार्गावर. शेवटी एका बागेत वेढले जाऊन जे लढत राहिले, त्यांत त्यांची माणसेही होती.

वॉटसनच्या खांद्याविषयी शंभर वर्षे शाई खर्च झाली. त्याला घोड्यावर टाकून वाचविणारा मरे नावाचा नोकर वाचकांना पाठ असतो. पण त्या पानावर आपल्या शिपायांपैकी एकाचेही नाव नाही. कथेला त्यांची गरज नव्हती, म्हणून लेखकाने ते दिले नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. ते नाव शोधण्याचे काम वाचकाचे, आणि विशेषतः आपल्या बाजूच्या वाचकाचे आहे.

कोणी विचारील, ही रिकामटेकड्यांची चर्चा नव्हे काय? तशी ती होऊ शकते. केवळ तपशील पाठ करून दुसऱ्याला खिजविणारा भक्त हा परीक्षेतल्या पोपटासारखाच. पण खेळ नीट खेळला तर त्यातून तीन सवयी लागतात. मजकूर पुन्हा उघडून पाहिल्याशिवाय बोलायचे नाही, ही पहिली. ‘सोपे आहे, प्रिय वॉटसन’ हे होम्सचे म्हणून मिरविले जाणारे वाक्य साठांपैकी एकाही लेखनात त्या रूपात आढळत नाही, हे अशा सवयीनेच कळते. पुस्तकाबाहेरचा नकाशा, वेळापत्रक, प्राणिशास्त्र, इतिहास यांचा दाखला मागायचा, ही दुसरी. आणि तिसरी सर्वांत महत्त्वाची: जे आवडते त्याचीही उलटतपासणी करायची. ज्याला महंमद सिंग खटकला, तो वर्तमानपत्रातली बातमीही डोळे मिटून वाचणार नाही.

यासाठी मोठे मंडळ, घटना, अध्यक्ष यांची आवश्यकता नाही. गावातल्या वाचनालयात महिन्यातून एका संध्याकाळी पाचसात जणांनी बसावे. कथा एकच घ्यावी, सर्वांनी ती वाचून यावे, आणि प्रत्येकाने एक शंका आणावी. शंकेचे उत्तर प्रथम पुस्तकात शोधावे, तेथे न मिळाल्यास नकाशात आणि कोशात. होम्स झाला की अर्नाळकरांचा धनंजय घ्यावा, हरिभाऊंचा ‘उषःकाल’ घ्यावा. ‘गड आला पण सिंह गेला’ मधील मावळ्यांच्या वाटा तर आपल्याला पायांनी तपासता येतील. परक्या लेखकाच्या नादाने लागलेली ही सवय आपल्या ग्रंथांकडे वळली, तर त्या नादाचे सोने झाले असे म्हणावयास हरकत नाही.