परक्याच्या मांडीवर चटकन बसणारं मूल

(लेखमाला : पाळण्यापासून घरापर्यंत, भाग ५)

शिशुगृहात वाढदिवस साजरा करून आलेली माणसं एक गोष्ट हमखास सांगतात. ‘दारातून आत पाऊल टाकलं आणि दीड-दोन वर्षांचं एक पोर धावत येऊन पायाला बिलगलं. ओळख ना पाळख, पण मांडीवरून उतरायलाच तयार नाही. किती प्रेमळ असतात हो ही मुलं!’ सांगणाऱ्याचा गळा दाटलेला असतो, म्हणून त्याला कुणी अडवत नाही. पण त्याच्या घरातलं याच वयाचं नातवंड आठवून पाहा. अनोळखी पाहुणा आला की ते आईच्या पदराआड लपतं, बळेच उचललं तर भोकाड पसरतं. त्यात आपल्याला काही वावगं वाटत नाही आणि ते वावगं नसतंच. आपलं कोण नि परकं कोण, हे त्याला कळू लागलेलं असतं. कुणालाही बिलगणाऱ्या पोराला मात्र अजून ‘आपलं’ असं माणूसच मिळालेलं नसतं.

गेल्या भागात आपण पाळण्यात सापडलेल्या बाळाबरोबर बालकल्याण समितीपर्यंत पोचलो होतो. आता मधले महिने. कागद फिरत असतात आणि मूल वाढत असतं. या दोन्हींचा वेग सारखा नसतो.

नुसती स्वच्छता, दूध आणि औषधं मुलाला पुरत नाहीत, हे वैद्यकाला बऱ्याच उशिरा उमगलं. रने स्पिट्झ या मनोविश्लेषकानं १९४५ साली दोन ठिकाणच्या तान्ह्या मुलांची तुलना मांडली. एक होतं अनाथ बालकांचं निर्मळ, टापटीप गृह आणि दुसरी जागा स्त्रियांच्या तुरुंगातली. तुरुंगात कैदी आया आपापली बाळं सांभाळत. गृहात एकेका परिचारिकेच्या वाट्याला आठ-आठ बाळं, आणि पाळण्यांच्या कठड्यांवर चादरी टाकलेल्या, त्यामुळे बाळाला दिसायचं ते फक्त वरचं छत. दोन वर्षांच्या आत गृहातल्या ९१ मुलांपैकी ३४ दगावली. तुरुंगातलं एकही नाही. स्पिट्झच्या पद्धतीवर पुढे टीका झाली आणि ती बऱ्याच अंशी रास्त होती. तरी ते छत डोळ्यांपुढून हलत नाही.

पक्का पुरावा मिळाला तो रुमानियातून, आणि तोही एका राजकीय अट्टहासाची किंमत मोजून. लोकसंख्या वाढवायची म्हणून तिथला हुकूमशहा चाउशेस्कू यानं १९६६ मध्ये गर्भपातावर बंदी घातली. पोसता न येणारी मुलं सरकारी गृहांत येत गेली. १९८९ च्या डिसेंबरात राजवट कोसळली तेव्हा अशा गृहांतल्या मुलांचा आकडा लाखाच्या पुढे होता. त्यातली कित्येक ब्रिटनमध्ये दत्तक गेली. मायकेल रटर आणि सहकाऱ्यांनी अशा १६५ मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. सहा महिन्यांच्या आत संस्थेतून बाहेर पडलेली मुलं बहुतांशी इतर मुलांसारखीच वाढली. त्याहून जास्त काळ राहिलेल्यांपैकी अनेकांना अडचणी चिकटून राहिल्या, आणि त्यांतली एक होती परक्यांशी नको इतकी सलगी. पाहुण्यांना गोड वाटणारी तीच सवय.

बुखारेस्टमध्ये २००० साली सुरू झालेल्या अभ्यासात संस्थेतली १३६ बाळं होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी मुलं संगोपन-कुटुंबांत पाठवली, निम्मी आहे त्याच व्यवस्थेत राहिली. शहरात अशी कुटुंबं जवळपास नव्हतीच, संशोधकांनी ती उभी केली. मागे राहिलेल्यांना मध्येच घर मिळालं तर कुणी अडवणार नव्हतं, तरीही ही विभागणी वाचताना आत कुठेतरी टोचतं. निष्कर्ष मात्र स्वच्छ होता : साधारण दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेलेली मुलं माणसाला धरून राहायला अधिक चांगली शिकली.

म्हणून शिशुगृहातला खरा प्रश्न खाटांचा किंवा खेळण्यांचा नसतो, मावशींचा असतो. एका मावशीकडे किती बाळं? बाळाला रोज तीच मावशी न्हाऊ घालते, की पाळी बदलली की हातही बदलतात? ‘फार लळा लावू नका, जाताना रडेल’ हा सल्ला अजूनही कानावर येतो. मला तो साफ चुकीचा वाटतो. जाताना रडणारं मूल हे चांगलं सांभाळलेलं मूल असतं. एकदा जीव लावता आला की दुसऱ्यांदाही लावता येतो. न रडता कुणाच्याही गाडीत बसणाऱ्या मुलाची काळजी करावी.

आता कागदांकडे. आईवडिलांनी स्वतः मूल स्वाधीन केलं असेल, तर त्यांना फेरविचारासाठी ६० दिवस मिळतात. ही मुदत लांब वाटते, पण घाईत, घरच्यांच्या दबावाखाली सही करणाऱ्या मुलीचा विचार केला तर ती हवीच. बेवारस सापडलेल्या मुलाच्या पालकांचा शोध घेऊन समितीनं निर्णय द्यायचा असतो : दोन वर्षांपर्यंतच्या मुलाबाबत दोन महिन्यांत, मोठ्याबाबत चार महिन्यांत. मग मूल दत्तकासाठी कायद्यानं मोकळं होतं. अखेरचा आदेश पूर्वी न्यायालय देत असे. सप्टेंबर २०२२ पासून ते काम जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे.

परदेशी दत्तकाची वाट याच्या पुढे सुरू होते. एके काळी ती फारच मोकळी होती. परदेशी दांपत्याला इथल्या कायद्यानं दत्तक घेता येत नसे. ते १८९० च्या पालकत्वाच्या कायद्याखाली मुलाचे पालक म्हणून नेमले जात, मूल घेऊन जात आणि आपल्या देशात दत्तक घेत. मधल्या रस्त्यात दलाल बसले. त्याविषयीची बातमी वाचून लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयानं पत्रालाच याचिका मानलं, आणि ६ फेब्रुवारी १९८४ रोजी न्या. भगवती यांनी दिलेल्या निकालात प्रत्येक पायरीचे नियम घालून दिले. पुढे १९९० मध्ये ‘कारा’ हे केंद्रीय प्राधिकरण आलं, आणि २००३ मध्ये भारतानं परदेशी दत्तकाविषयीच्या हेग कराराला मान्यता दिली.

गाभ्याचा नियम एकच : आधी देशातलं घर, मग परदेश. मूल मोकळं झाल्यापासून ६० दिवसांत इथं किंवा अनिवासी भारतीयांकडे घर मिळालं नाही, तरच ते परदेशी दांपत्यासाठी खुलं होतं. तान्ही, धडधाकट बाळं त्याआधीच इथल्या घरी जातात. मागे राहतात ती पाच वर्षांवरची, एकत्र राहू पाहणारी भावंडं, अपंग किंवा आजारी मुलं. परदेशी दत्तकात कायदाही यांनाच प्राधान्य देऊ पाहतो. ‘परदेशी लोक आपली मुलं नेतात’ अशी कुरकूर करणाऱ्यांनी आपण कोणती मुलं नाकारली, ती यादीही एकदा पाहावी.

परदेशी जाणाऱ्या अशा एखाद्या मुलीची तयारी अल्बमपासून सुरू होते. इटलीहून किंवा स्पेनहून फोटो येतात : घर, खोली, कुत्रा असेल तर कुत्रा, दोन हसरे चेहरे. मावशी रोज पानं उलटत बोट ठेवून दाखवते, ‘ही तुझी मम्मा.’ नवे आईबाबा भेटतात तेव्हा चेहरे ओळखीचे असतात, आवाज आणि वास मात्र नवे. शहाणे पालक काही दिवस इथंच राहतात, मऊ भात कसा कालवायचा ते मावशीकडून शिकून घेतात आणि मुलीचं जुनं दुपटं न धुता बॅगेत ठेवतात.

त्यानंतर दोन वर्षं तिकडून अहवाल येतात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी. उंची, वजन, लसी, शाळा. समाजसेविका हे आकडे भराभर उलटते. एखाद्या अहवालात पालकांनी जरा काळजीनं लिहिलेलं असतं, ‘अलीकडे पाहुणे आले की आमच्या मागे लपते, हात सोडत नाही.’ ती ते वाक्य पुन्हा वाचते आणि मावशींना हाक मारते.