लांबचा ब्रिज आणि परतीची वाट

पुण्याच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर, नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ३० अँटेनांपैकी प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. १४ मध्यभागी दाटीने उभ्या, बाकीच्या १६ तीन भुजांवर दूरवर विखुरलेल्या, आणि सगळ्यांचा कारभार एका नियंत्रण कक्षातून चालतो. मधला दुवा ऑप्टिकल फायबरचा. आकाशातून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओलहरी टिपायच्या असताना शेजारी आपलाच बिनतारी ट्रान्समीटर लावणं म्हणजे कुजबुज ऐकता ऐकता ढोल बडवणं. अँटेनेच्या पायथ्याशी असलेला संगणक हुकूम घेतो, तसाच तिथल्या यंत्रणेची स्थिती उलट कळवतो. पण मला मोलाची वाटते ती पुढची पायरी. रिसीव्हरमध्ये ठाऊक असलेल्या पातळीचा नॉइज मुद्दाम सोडतात आणि तो तेवढाच दिसतो का, ते पाहतात. यंत्र ‘मी ठीक आहे’ म्हणतं, एवढ्यावर विसंबत नाहीत.

शहरातल्या नेटवर्कला हाच नियम लावायला हवा. समजा, शिवाजीनगरच्या हेड ऑफिसला चाकणचं गोदाम बिनतारी ब्रिजने जोडलं आहे. दोन्हीकडचे संगणक एकाच खोलीत असल्यासारखे बोलतात. सेटिंग ऑफिसात बसून बदलता येतं, पण हुकूम जातो त्याच लिंकमधून, आणि बदलायची असते तीही तीच लिंक. जवळच्या ब्रिजचं चॅनेल आधी बदललं, तर लांबचा जुन्या चॅनेलवर एकटाच वाट पाहत राहतो. म्हणून आधी लांबचं टोक, मग जवळचं. आणि दहा मिनिटांत पक्कं केलं नाही तर जुनं सेटिंग आपोआप परत यावं, अशी सोय. त्यानंतरच्या चाचणीत, ‘आहेस का?’ एवढंच विचारणाऱ्या पिंगला उत्तर आलं म्हणून थांबू नये. डेटाची लहान पॅकेट निघून जातात, मोठी अडकतात. पूर्ण आकाराचा, मोजलेला डेटा बराच वेळ पाठवून पलीकडे तेवढाच पोहोचला का, हे बघावं.

यावर कोणी म्हणेल, त्यापेक्षा माणूसच पाठवा. पण चाकणला गेलेल्या माणसाला चाकणचंच टोक दिसतं. ब्रिजला टोकं दोन असतात. दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो खरा आहे: मुख्य लिंक पडली तर वापरायची राखीव लिंक ठेवायला पैसे पडतात. शिवाय ती नुसती जोडली तर वर्तुळ तयार होऊन पॅकेट फिरत राहतात आणि नेटवर्क गुदमरतं. रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये मांडलेली स्पॅनिंग ट्री पद्धत एक वाट बंद ठेवते आणि गरज पडली की उघडते. ती खरोखर उघडते का, हे मुख्य लिंक मुद्दाम पाडूनच कळतं, तेही काम थंड असताना. गोदामातली वीजच गेली, तर मात्र यातलं काहीच उपयोगाचं नाही. तेव्हा तिथल्या माणसाला फोनवरून सांगावं लागतं, आणि त्यासाठी ब्रिजच्या डब्यावर कोणती वायर कशाची आहे, हे मराठीत लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली हवी.