संगणकाच्या खोलीची चावी कुणाकडे?

मैत्रिणींनो, तुमच्या मुलांच्या शाळेतली संगणकाची खोली आठवड्यातून किती वेळा उघडते, विचारलंय कधी? १९८४ साली केंद्र सरकारनं ‘क्लास’ योजनेखाली सुमारे अडीचशे शाळांना बीबीसी मायक्रो संगणक दिले होते. तेव्हापासूनचा अनुभव हाच, की यंत्रं येतात, माणूस लागतो!

अहिल्यानगरला, म्हणजे आपल्या नगरला, मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. तिथलं विद्यार्थी संगणक मंडळ दहावीची मुलं बाहेर पडताच बंद पडलं होतं. ते पुन्हा सुरू करताना चावी आठवीतल्या दोघींकडे दिली. एका यंत्रावर दोघं, आणि गजराचं घड्याळ लावून दर पंधरा मिनिटांनी जागा बदलायची. नाहीतर मुलगा कळफलक बळकावतो नि मुलगी शेजारी वही घेऊन बसते. पाहिलंय ना?

खर्चाचं म्हणाल, तर अमेरिकेतल्या एमआयटीचं २००७ सालचं ‘स्क्रॅच’ फुकट मिळतं. एकदा उतरवून घेतलं, की इंटरनेटही लागत नाही. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवले, की पडद्यावरचं मांजर चालू लागतं. वीज गेली तर मुलांना कागदावर चहाची कृती लिहायला लावा. ‘साखर घाला’ म्हणजे किती? केव्हा? यंत्राला आपल्यासारखा अंदाज नसतो हो!

तुमच्यापैकी कितीतरी जणींचं एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र कपाटात पडून असेल. मुख्याध्यापकांना भेटा, महिन्यातला एक शनिवार मागून घ्या. श्रावणात कुणी थांबायला तयार नसतं, तेव्हाची पाळी आमच्याकडे मीच घेते.