बारापेडे गुहेतील वटवाघूळ



दिवेलागणीच्या सुमारास हर्णेच्या एखाद्या जुन्या पडक्या वास्तूत डोकावलात, तर वटवाघळे भिरभिरत बाहेर पडताना दिसतील. लगेच कुणी म्हणते, "अशुभ जनावर! पेंढा पेटवून धूर करा." तो पेंढा पेटवण्याआधी एका गुहेची हकीकत ऐका, एवढीच विनंती.

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात तळेवाडी हे जंगलातले लहानसे गाव आहे. त्याच्याजवळ बारापेडे नावाची गुहा. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने 1911 साली सस्तन प्राण्यांची पाहणी आरंभली, तेव्हा या गुहेत एक निराळेच वटवाघूळ हाती लागले. 1913 साली लंडनच्या ऑल्डफील्ड थॉमस यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि निवृत्त वनाधिकारी रॉटन यांचे नाव त्याला दिले. मुठीत मावेल एवढा जीव. अंग काळसर तपकिरी, मानेवर करडी शाल पांघरावी तसा पट्टा, मोठे कान पुढे झुकलेले. शेपटीचे टोक पंखांच्या पडद्याबाहेर मोकळे असते.

पुढे सुमारे नव्वद वर्षे ही जात जगात या एकाच गुहेत ठाऊक होती! नंतर ती मेघालयात व कंबोडियातही सापडली. पण एवढ्याने निश्चिंत होता येत नाही. वटवाघूळ दिसायला उंदरासारखे असले, तरी त्याची वीण उंदरासारखी नाही. मादीला वर्षाकाठी बहुधा एकच पिल्लू होते. गुहेत शेकोटी किंवा गोंगाट झाला की माद्या उडतात, पिले खाली पडतात. एका दिवसाचा खेळ, आणि वर्षाची पैदास बुडाली.

म्हणूनच वन्यजीव संरक्षण कायद्याने या जातीला पहिल्या अनुसूचीत घेतले. 2011 साली तिथले रानही भीमगड अभयारण्य म्हणून राखले गेले. गोव्याला पाणी देणारी म्हादई याच रानात उगम पावते. म्हणजे वटवाघळाबरोबर नदीचे माहेरही राखले गेले.

आपल्या गावची लहान वटवाघळे रात्रभर किडे-पाखरे टिपतात. शेतकऱ्याचे हे बिनपगारी राखणदारच नव्हेत काय? गुरुजींनी मुलांना संध्याकाळी ती लांबून दाखवावी. हात मात्र लावू देऊ नये, कारण चाव्यातून रोग जडू शकतो. आणि धूर? तो चुलीपुरताच बरा.