बर्फात कोंडलेली हवा

शेतात बोअर मारताना आधी माती लागते, मग मुरूम, मग काळा पाषाण. अंटार्क्टिकावर शास्त्रज्ञही बोअर मारतात. पण पाण्यासाठी नव्हे, जुन्या हवेसाठी.

तिथे पडलेले हिम वितळत नाही. थरावर थर साचत जातो. वरच्या भाराने खालचे हिम दबून त्याचा घट्ट बर्फ होतो आणि कणांमधली हवा बारीक बुडबुड्यांत कोंडली जाते. १९६५ साली क्लोद लोरियस या फ्रेंच संशोधकाने व्हिस्कीच्या पेल्यात असाच जुना बर्फ टाकला. बुडबुडे फुटताना पाहून त्यांना सुचले, की ही जुनी हवा तपासता येईल!

आपल्याकडचे बोअर खडकाचा भुगा करते. इथे तसे चालत नाही. पोकळ नळीच्या तोंडाशी पाती असतात. ती कडेने बर्फ कापतात आणि मधला दंडगोल नळीत अखंड राहतो. नळी केबलने वर ओढायची, दंडगोल काढून घ्यायचा, पुन्हा नळी खाली सोडायची. एका खेपेला फार तर काही मीटर बर्फ हाती येतो. दाबाने भोक मिटू नये म्हणून त्यात न गोठणारा द्रव भरतात.

रशियाच्या व्होस्तोक तळावर १९९८ साली ३,६२३ मीटर खोली गाठली गेली. ‘डोम सी’ इथे २००४ साली संपलेल्या युरोपीय खोदकामातून ८ लाख वर्षांची नोंद मिळाली. गोव्यात वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातही अंटार्क्टिकाच्या बर्फाचे असे दंडगोल शीतकक्षात जपले जातात.

ही नोंद काय सांगते? त्या ८ लाख वर्षांत हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड साधारण १८० ते ३०० भाग असे. आज तो ४२० च्या वर आहे. म्हणजे पुढे काय होईल हे विचारायला जावे, तर एवढ्या जुन्या वहीतही आजच्यासारखे पान नाही.

जानेवारी २०२५ मध्ये ‘लिटल डोम सी’ इथे २,८०० मीटर खोल जाऊन १२ लाख वर्षांहून जुना बर्फ काढला गेला. तळाजवळच्या एकेका मीटरमध्ये १३ हजारांपर्यंत वर्षे दबलेली आहेत. पूर्वी सुमारे ४१ हजार वर्षांनी येणारी हिमयुगे पुढे लाखभर वर्षांनी येऊ लागली. हा बदल का झाला? त्यात कार्बन डायऑक्साइडचा हात किती, हे त्या बुडबुड्यांना विचारायचे आहे. आज आपण सोडत असलेला धूरही ध्रुवावरच्या बर्फात असाच नोंदला जातो आहे.