बालमनाचा डॉक्टर कसा घडतो?



आजचा विषय वाचून काहींना वाटले असेल की, हा प्रश्न डॉक्टरांचा आहे; त्यांनी तो आपल्या महाविद्यालयात सोडवावा, वसंत व्याख्यानमालेच्या श्रोत्यांना त्याचे काय? परंतु ज्याच्या घरी मूल आहे, नातवंड आहे, किंवा शेजारी दहावीच्या वर्षातला मुलगा आहे, त्या प्रत्येकाशी या विषयाचा संबंध येतो. मुलाचे मन दुखावले तर त्याला कोणाकडे न्यायचे, आणि तो माणूस काय शिकून तेथे बसलेला असतो, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, नऊ वर्षांच्या एका मुलाचे रोज सकाळी पोट दुखते. रविवारी दुखत नाही, दिवाळीच्या सुट्टीत दुखत नाही. रक्त तपासले, सोनोग्राफी झाली. दोष काही सापडला नाही. वडील म्हणतात, नाटक करतो. बाई म्हणतात, हुशार आहे, पण लक्ष नसते. आई नुसती रडते. आणि मुलगा? तो काहीच म्हणत नाही. त्याला येथे आणलेले आहे. तो स्वतः होऊन आलेला नाही.

मोठ्यांच्या मनोविकारचिकित्सेत आणि मुलांच्या चिकित्सेत पहिला फरक येथेच पडतो. मोठा माणूस पुष्कळदा आपली तक्रार आपल्या तोंडाने सांगतो. मुलाची तक्रार बहुधा दुसऱ्याच्या तोंडून येते, आणि त्या दुसऱ्याचे स्वतःचे दुःखही तिच्यात मिसळलेले असते. वरच्या मुलाला कदाचित वाचताच येत नसेल आणि वर्गात उभे राहण्याची धास्ती वाटत असेल. कदाचित घरी रात्री भांडण होते आणि आपण शाळेत गेलो तर मागे आईचे काय होईल, ही भीती असेल. लक्षण एक, कारणे निराळी, म्हणून उपायही निराळे. त्यांतले खरे कोणते हे ओळखण्याची शिस्त अंगी बाणवणे, हा या पदव्युत्तर शिक्षणाचा गाभा होय.

हे शास्त्र तसे तरुण आहे. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात लिओ कॅनर यांनी १९३० मध्ये मुलांसाठी मानसचिकित्सेचा विभाग सुरू केला, १९३५ मध्ये या विषयावर इंग्रजीत पाठ्यपुस्तक लिहिले आणि १९४३ मध्ये अकरा मुलांचे वर्णन करून ज्याला आज आपण स्वमग्नता म्हणतो त्या अवस्थेकडे जगाचे लक्ष वेधले. तेथे या शाखेची स्वतंत्र प्रमाणपरीक्षा १९५९ मध्ये सुरू झाली; जर्मनीने १९६८ मध्ये तिला स्वतंत्र विशेषज्ञतेचा दर्जा दिला. आणि आपण? अभिमान वाटावा अशी गोष्ट अशी की, मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने १९३७ मध्येच बालमार्गदर्शन केंद्र उघडले होते. ते देशातील पहिले. मात्र या विषयाची खास पदवी आपल्याकडे यायला त्यानंतर सत्तर वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

आता शिक्षणाच्या पायऱ्या पाहू. एम.बी.बी.एस.ची साडेचार वर्षे आणि इंटर्नशिपचे एक वर्ष. त्यापुढे मनोविकारशास्त्रात एम.डी.ची तीन वर्षे. त्यांत बालविभागातील काम असते, पण ते थोड्या काळाचे. ज्याला याच कामाला वाहून घ्यावयाचे आहे त्याच्यासाठी पुढे डी.एम.ची आणखी तीन वर्षे आहेत. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत आणि अन्य मोजक्या ठिकाणी हे शिक्षण मिळते. एकूण साडेअकरा वर्षे झाली. इंग्लंडातही सामान्य मनोविकारशास्त्राची तीन आणि बाल व किशोर विभागाची तीन, असाच साधारण हिशेब आहे.

या शेवटच्या तीन वर्षांत होते तरी काय? प्रथम विद्यार्थ्याला निरोगी मुलाची वाढ शिकावी लागते. दोन वर्षांचे मूल हट्ट करते यात विकार नाही. आठ वर्षांचे मूल तसाच हट्ट तासन्‌तास करीत राहिले तर विचार करावयास हवा. कोणत्या वयाला काय शोभते हे ठाऊक नसेल तर डॉक्टर निरोगी मुलाला रोगी ठरवील आणि रोगी मुलाला ‘मोठा झाला की सुधारेल’ म्हणून घरी पाठवील. दोन्ही चुका महाग पडतात.

दुसरी गोष्ट, मुलाशी बोलणे. लहान मूल प्रश्नांना उत्तरे देत नाही, ते खेळते. लंडनमध्ये चाळीस वर्षे मुलांच्या रुग्णालयात काम केलेले डोनाल्ड विनिकॉट कागदावर एक वेडीवाकडी रेघ ओढीत आणि मुलाला तिचे काहीतरी करावयास सांगत. मग मुलाने रेघ ओढावी आणि डॉक्टरांनी ती पुरी करावी. अशा खेळातून बोलणे निघते. परंतु शिकाऊ डॉक्टराला येथे मोह पडतो. मुलाने काळे घर काढले की तो लगेच अर्थ लावू लागतो. अशा वेळी शेजारी अनुभवी गुरू असावा लागतो. तो विचारतो, “पेटीत दुसरा रंग होता का?” चित्र म्हणजे कुंडली नव्हे, हे पुस्तकातून कळते, पण ते अंगवळणी पडते ते गुरूच्या नजरेखाली काम करूनच. म्हणून या शिक्षणात विद्यार्थ्याने आपली प्रत्येक मुलाखत ज्येष्ठांपुढे मांडावी आणि तिची चिरफाड होऊ द्यावी, याला फार महत्त्व आहे.

तिसरी गोष्ट किशोरांची. पंधरा वर्षांची मुलगी म्हणते, “एक सांगते, पण आईला सांगायचं नाही.” डॉक्टराने काय करावे? विश्वास राखावा हे खरे. पण जिवाला धोका असेल तर गप्प बसता येत नाही, आणि लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ती कळविणे बंधनकारक आहे. गुप्ततेची ही मर्यादा पहिल्याच भेटीत मुलीला स्पष्ट सांगावी, हे तो शिकतो. मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारावयासही तो शिकतो. विचारल्याने ते विचार डोक्यात शिरतील ही आपली समजूत चुकीची आहे; बहुधा कोणीतरी विचारले याने मुलाला हायसेच वाटते.

औषधांचे ज्ञान तर हवेच. मूल म्हणजे छोट्या आकाराचा मोठा माणूस नव्हे. नैराश्यावरील औषधांनी काही मुलांत आत्मघाताचे विचार वाढू शकतात, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये दिला. म्हणून औषध द्यावयाचे नाही असे नाही. दिल्यावर पहिले काही आठवडे बारकाईने लक्ष ठेवावयाचे. कायदाही जाणावा लागतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार अल्पवयीन रुग्णाला प्रौढांपासून वेगळे ठेवावे लागते आणि त्याच्याजवळ पालक किंवा पालकाने नेमलेले माणूस असावे लागते.

आता एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या शंभरांपैकी सात मुलांना मानसिक विकार आढळला. साठ मुलांचा वर्ग धरला तर चार मुले झाली! आपल्याकडे लाख लोकांमागे मनोविकारतज्ज्ञ पुरा एकही नाही. अशा देशाने मूठभर विशेषज्ञांवर साडेअकरा वर्षे घालवावी, की तोच पैसा गावोगावच्या डॉक्टरांना चार गोष्टी शिकविण्यात घालवावा?

माझे उत्तर असे की, हे दोन मार्ग वेगळे नाहीत. गावच्या डॉक्टराला, बालरोगतज्ज्ञाला, शाळेच्या समुपदेशकाला शिकवलेच पाहिजे. पोटदुखीचा तो मुलगा प्रथम त्यांच्याकडेच जाणार आहे. पण त्यांना शिकविणार कोण? त्यांना अडचण आली तर ते विचारणार कोणाला? विहिरीत पाणी असेल तर पाट काढता येतात. विशेषज्ञाने सगळी मुले स्वतः तपासावी अशी अपेक्षा नाही. प्रत्येकाने आपल्या भोवती तपासणारे शंभर हात तयार करावे अशी आहे. म्हणून त्याच्या शिक्षणातच शाळा, निरीक्षणगृह आणि सामान्य रुग्णालयाचा बालविभाग येथील काम व दुसऱ्यांना शिकविणे यांना मानाची जागा हवी. ही जागा नसेल, तर साडेअकरा वर्षे खर्चून आपण शहरातील आणखी एक दवाखाना तेवढा उघडला असे होईल.

सरकारने जागा वाढवाव्या, हे आपण म्हणूच. पण एक काम श्रोत्यांच्या हातचे आहे. उद्या तुमची मुलगी एम.बी.बी.एस. होऊन घरी येईल आणि म्हणेल, “मला मुलांच्या मनाचं शास्त्र शिकायचं आहे.” तेव्हा ‘एवढी हुशार, आणि वेड्यांची डॉक्टर होणार?’ असे म्हणू नका. तिला जाऊ द्या. सकाळी पोट दुखणारा तो मुलगा कोणाच्या तरी घरी तिची वाट पाहत आहे.